एकसष्ट महिने: बडोद्याच्या एका संशोधिकेच्या पेन्शनचं प्रकरण

भाऊबीज झाली आणि दोनच दिवसांनी भाची पुन्हा घरी आली, या वेळी एकटीच. दांडिया बझारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर बसून तिने पिशवीतून एक प्लॅस्टिकची फाईल काढली. "मामा, जर्मनीत कापलेले पेन्शनचे पैसे परत मिळतायत. एवढा फॉर्म बघून दे, सही करून टाकते."

फॉर्मसोबत एका दलालाचं पत्र होतं. तुमचे पैसे आम्ही सोडवून आणतो, आमचे दहा टक्के. रक्कम १४ हजार युरोंच्या आसपास, म्हणजे १४ लाख रुपयांच्या वर. गोत्रीला तिने फ्लॅट बुक केलाय, बिल्डरचा हप्ता तोंडावर आलेला. तिची घाई मला कळत होती. तरी म्हटलं, "अगं, फाईल दोन दिवस इथे ठेव."

माझी ३१ वर्षं एका सरकारी संस्थेच्या हिशोब विभागात गेली. निवृत्तीला आलेल्या माणसाचं सेवापुस्तक उघडायचं, पात्र सेवा मोजायची, खंड कुठे पडलाय ते शोधायचं, हेच काम. चार महिन्यांचा खंड वेळेत नियमित न करून घेतल्यामुळे एका शिपायाचं पेन्शन अडलेलं मी जवळून पाहिलंय. त्यामुळे परत मिळणाऱ्या पैशांचा कागद दिसला की मी आधी विचारतो, याच्या बदल्यात काय जातंय? भाचीच्या बाबतीत जे जाणार होतं ते बरंच मोठं होतं. तिच्या परवानगीने ते इथे मांडतो आहे, कारण तिच्यासारखी मुलं-मुली आता आपल्या प्रत्येक घरात आहेत.

तिची वर्षं

एमएस्सी बडोद्यालाच, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, २००८ साली. मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ऑगस्ट २००९ ते जुलै २०१४ पीएचडी. जानेवारी २०१५ ते डिसेंबर २०१६ अमेरिकेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. २०१७चं पूर्ण वर्ष जर्मनीत शिष्यवृत्तीवर. त्याच जर्मन विद्यापीठात जानेवारी २०१८ ते फेब्रुवारी २०२१ कामाच्या करारावर. एप्रिल २०२१ ते फेब्रुवारी २०२३ हॉलंडमधल्या विद्यापीठात. मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि ही परत आली. आता बडोद्यातल्या एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात आहे.

मी जुन्या सवयीने कागदावर महिने मांडले. पुणे ६०, अमेरिका २४, शिष्यवृत्ती १२, जर्मन करार ३८, हॉलंड २३. एकूण १५७ महिने प्रयोगशाळेत उभं राहून काम. त्यातले पेन्शनच्या दृष्टीने कुठेतरी नोंदलेले किती? ३८ आणि २३, म्हणजे ६१. उरलेले ९६ महिने कुठल्याच देशाच्या पेन्शनच्या वहीत नाहीत. आठ वर्षं. हे तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

पुण्याची पाच वर्षं का गेली? आपल्याकडे जेआरएफ, एसआरएफ, म्हणजे कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधकांना दरमहा मिळणारे पैसे, हे पगार मानले जात नाहीत, फेलोशिप मानली जाते. त्यातून पीएफ कापला जात नाही, संस्थाही काही भरत नाही. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३७ हजार आणि एसआरएफ ४२ हजार झाली, चांगलं झालं, पण पीएफचा रकाना रिकामाच राहिला. वयाच्या तेविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत जो बँकेत कारकून होता त्याची पाच वर्षं जमा झाली. जी रात्री अकराला प्रयोगशाळेचं दार लावून निघाली तिची नाही झाली. मला हा अन्याय वाटतो आणि तो उघडपणे म्हणायला हवा.

अमेरिकेचं थोडक्यात: जे-१ व्हिसावर आलेल्या संशोधकाला पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटीची कपात लागत नाही. हातात चार डॉलर जास्त आले, नोंद शून्य राहिली. कपात झाली असती तरी तिथे पेन्शनला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, आणि अमेरिकेचा भारताशी सामाजिक सुरक्षेचा करारच नाही. त्यामुळे इथली वर्षं तिथे जोडून दाखवायची सोय नाही.

एकाच टेबलावर, दोन कागदांवर

माझं मन सगळ्यात जास्त अडलं ते २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांपाशी. विद्यापीठ तेच, प्राध्यापक तेच, टेबलही तेच. २०१७च्या पत्रावर शब्द होता श्टिपेंडियुम, शिष्यवृत्ती. २०१८च्या पत्रावर होता कामाचा करार. दोन्हींतून तिच्या हातात येणारी रक्कम जवळपास सारखी होती, म्हणून तिला फरक जाणवला नाही. पण जर्मनीत शिष्यवृत्तीवर पेन्शनची कपात नसते. करार असला की एकूण पगाराच्या १८.६ टक्के पेन्शन विम्यात जातात, अर्धे तिचे, अर्धे मालकाचे. एका शब्दाने बारा महिने पुसले गेले.

जर्मनीतही यावर बोललं गेलंय. माक्स प्लांक संस्थेने २०१५ मध्ये पीएचडी करणाऱ्यांना शिष्यवृत्तीऐवजी कामाचे करार द्यायचं धोरण घेतलं. युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेत संशोधकाला करारावर, सामाजिक सुरक्षेसकट नेमायचं हा नियम आहे. तरी शिष्यवृत्त्या संपलेल्या नाहीत. मानाच्या शिष्यवृत्त्याही त्यात आहेत, आणि मान मोठा असला की हे विचारायचं सुचत नाही.

बडोद्याच्या माणसाला शिष्यवृत्ती म्हटलं की एक गोष्ट आठवतेच. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. सोबत करार होता, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. परतल्यावर या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही, हे आमच्या शहरावरचं न पुसणारं दूषण आहे. पण त्या कागदापुरतं बोलायचं तर देणाऱ्याने शिक्षण आणि पुढची नोकरी एकाच कागदावर जोडली होती. आजच्या शिष्यवृत्तीच्या पत्रात संशोधकाच्या त्या वर्षांचा पुढे कुणी वाली नसतो.

परताव्याचा हिशोब

आता त्या फॉर्मकडे येतो. नियम असा: युरोपीय संघाबाहेरचा नागरिक, जर्मनीतले हप्ते ६० महिन्यांपेक्षा कमी, आणि तिथला सक्तीचा विमा सुटून २४ महिने झालेले, अशा माणसाला स्वतःने भरलेले हप्ते परत मागता येतात. मालकाचा अर्धा वाटा परत येत नाही. व्याज मिळत नाही. आणि एकदा पैसे घेतले की ते महिने नोंदीतून कायमचे जातात, दुसऱ्या देशातल्या महिन्यांशी जोडायलाही उरत नाहीत. दलालाच्या पत्रात या शेवटच्या गोष्टीबद्दल एक ओळही नव्हती.

तिचा एकूण पगार महिना ४,००० युरोंच्या आसपास होता. तिचा वाटा ९.३ टक्के, म्हणजे ३७२ युरो. ३८ महिन्यांचे १४,१३६. तेवढेच विद्यापीठाने भरलेले. परतावा घेतला तर १४,१३६ मिळणार, त्यातले दहा टक्के दलालाला.

न घेतला तर? जर्मन पेन्शन गुणांवर चालतं. देशाच्या सरासरीइतकी वर्षाची कमाई असेल तर एक गुण. २०१९ची सरासरी ३९,३०१ युरो होती, हिची कमाई ४८,०००, म्हणजे त्या वर्षाचे १.२२ गुण. ३८ महिन्यांचे मिळून ३.९च्या जवळपास होतात. जुलै २०२५ मध्ये एका गुणाचा भाव महिना ४०.७९ युरो झाला. म्हणजे त्या भावाने महिना १५९ युरो, कर वजा जाण्याआधी, वयाच्या ६७व्या वर्षापासून मरेपर्यंत. गुणाचा भाव दर १ जुलैला तिथल्या पगारवाढीच्या अनुषंगाने ठरतो, त्यामुळे २०५३ साली तो हाच नसेल.

१४,१३६ भागिले १५९ म्हणजे ८९ महिने, साडेसात वर्षांच्या आत. तिला पंच्याहत्तरी लागायच्या आधीच परताव्याइतके पैसे पेन्शनमधून आलेले असतील. तिची आजी, म्हणजे माझी आई, ९१व्या वर्षी गेली आणि शेवटपर्यंत वडिलांचं कुटुंब निवृत्तिवेतन दर महिन्याला स्वतः सही करून काढत होती.

मी तिला दुसरी बाजूही मांडून दाखवली, कारण हिशोब करणाऱ्याने एकच पान दाखवू नये. १४ लाख २७ वर्षं हात न लावता ठेवले तर तेही कैक पटींनी वाढतील, कदाचित पेन्शनच्या तोडीस तोड. पण हे पैसे ठेवींत जाणार नव्हते, बिल्डरकडे जाणार होते. आणि मला निर्णायक वाटलेला मुद्दा वेगळाच आहे. जर्मनीच्या परताव्याला अर्जाची मुदत नाही. आज अर्ज केला नाही तर पाच वर्षांनीही करता येईल. आज केला तर पाच वर्षांनी मागे फिरता येणार नाही. थांबल्याने जिथे कुठलीच वाट बंद होत नाही तिथे घाई कशाला? जपानची गोष्ट निराळी आहे, तिथे देश सोडल्यापासून दोन वर्षांत एकरकमी परताव्याचा अर्ज करावा लागतो. तिथून आलेल्याने बसून राहू नये.

साठाची अट

पण १५९ युरो मिळायला जर्मनीत किमान ६० महिने लागतात. हिचे ३८. मग इतका खटाटोप कशासाठी?

इथे हॉलंडचे २३ महिने कामाला आले. युरोपीय संघाचा २००४चा ८८३ क्रमांकाचा नियम सांगतो की सदस्य देशांनी पात्रता ठरवताना एकमेकांकडची विम्याची मुदत जोडायची, आणि प्रत्येकाने आपापल्या मुदतीपुरतं पेन्शन द्यायचं. २०१०च्या १२३१ क्रमांकाच्या नियमाने हे संघाबाहेरच्या नागरिकांनाही लागू केलं, ते कायदेशीररीत्या तिथे राहिले आणि एकाहून जास्त सदस्य देशांत फिरले असतील तर. पैसे एका देशातून दुसऱ्यात जात नाहीत, फक्त महिने मोजणीत एकत्र येतात. ३८ अधिक २३, एकसष्ट. अट एका महिन्याने पार.

भारताचे इतर देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार बरेच आहेत. पहिला बेल्जियमशी, २००९ मध्ये अमलात आला. नंतर फ्रान्स, हॉलंड, स्वीडन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान वगैरे. जर्मनीशी झालेला सर्वंकष करार १ मे २०१७ पासून लागू आहे. या करारांमुळे इथल्या पेन्शन योजनेतले महिनेही काही ठिकाणी जोडता येतात. मला वाटलं, चला, आणखी आधार. पण हिच्या पगाराची स्लिप पाहिली आणि हिरमोड झाला. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि १५ हजारांहून जास्त मूळ पगार असलेल्या माणसाला कर्मचारी पेन्शन योजनेत घेतच नाहीत. मालकाचा पूर्ण वाटा पीएफमध्ये जातो, पेन्शनचा रकाना शून्य. पंधरा वर्षं शिकून, हिंडून परतलेली संशोधिका याच दरवाज्याबाहेर राहते, कारण तिची पहिली खरी नोकरी उशिरा लागते आणि तेव्हा पगार मर्यादेच्या वर असतो. म्हणून भारतातल्या महिन्यांवर आम्ही भिस्त ठेवलीच नाही.

भाचीने जर्मन पेन्शन विम्याकडून आपल्या नोंदींचा उतारा मागवला. तो पाच आठवड्यांनी टपालाने आला. आम्ही ओटीवर बसून बोटाने ओळी मोजल्या. २०१८ बारा, २०१९ बारा, २०२० बारा. पुढची ओळ नाही. जानेवारी आणि फेब्रुवारी २०२१, करार वाढवून मिळालेले दोन महिने, उताऱ्यात नव्हतेच. छत्तीस अधिक तेवीस एकोणसाठ.

एक महिना कमी. माझ्या नोकरीत असं पान समोर आलं की मी उठून पाणी पिऊन यायचो. त्या दिवशीही तेच केलं. तिने जुन्या ईमेलमधून त्या दोन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा शोधल्या. त्यांत पेन्शन विम्याची कपात स्पष्ट होती, दोन्ही महिन्यांची. त्या आणि करारवाढीचं पत्र जोडून अर्ज पाठवला. चार महिन्यांनी सुधारलेला उतारा आला, त्यात ३८ महिने. त्या स्लिपा तिने हॉलंडला जाताना मेलबॉक्स साफ करायच्या नादात पुसल्या असत्या तर आज मी हे लिहीत नसतो.

आडनावाचाही घोळ निघाला. जर्मन पेन्शन विम्याचा क्रमांक बारा अक्षर-अंकांचा असतो. त्यात जन्मतारीख असते आणि जन्मावेळच्या आडनावाचं पहिलं अक्षर. हिचं लग्न २०१९ मध्ये झालं, पासपोर्ट सासरच्या आडनावाने नवीन झाला, हॉलंडचे कागद त्या नावाचे. म्हणजे जे ३८ आणि २३ महिने २०५३ मध्ये एकमेकांना शोधत येणार आहेत, ते दोन वेगवेगळ्या आडनावांचे आहेत. विवाह नोंदणीचा दाखला गुजरातीत, त्याचा प्रमाणित अनुवाद करून आम्ही जर्मन नोंदीला जोडून घेतला. माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव, मग नवऱ्याचं नाव अशी आपली नावं बदलत जातात. परदेशात काम केलेल्या प्रत्येक लेकीसुनेने हे आजच जुळवून ठेवावं.

हॉलंडचं फारसं अडलं नाही. तिथलं सरकारी पेन्शन तिथे राहिलेल्या वर्षावर दोन टक्के असं साठत जातं, हिचं जेमतेम चार टक्के. विद्यापीठाच्या नोकरीमुळे एबीपी या निधीत वेगळी रक्कम आहे, ती वय होईपर्यंत तिथेच राहील.

एक निवड मात्र हातची गेली ती गेलीच. जर्मनीतल्या सरकारी नोकरीत एक पुरवणी पेन्शन असतं, व्हीबीएल नावाचं. मुदतीच्या करारावरच्या संशोधकाला रुजू झाल्यापासून दोन महिन्यांत सांगता येतं की मला नेहमीच्या योजनेऐवजी दुसरी द्या, जिच्यात ६० महिन्यांची अट आड येत नाही. त्याचं जर्मनमधलं पत्र २०१८ मध्ये तिच्या पेटीत आलं होतं. तिला ते विम्याच्या जाहिरातीचं वाटलं. फाईलमध्ये मला ते लिफाफ्यातच सापडलं, न उघडलेलं.

देश बदलला तरी निधी एकच राहावा म्हणून युरोपात प्रयत्न झालाय. २०१४ मध्ये ब्रसेल्समध्ये रिसेव्हर नावाने संशोधकांसाठी सामायिक पेन्शन निधीची जुळवाजुळव झाली. पण संस्थेने त्यात सामील व्हायला हवं, आणि हिच्या दोन्ही संस्था त्यात नव्हत्या.

शेवटी काय केलं

परताव्याचा फॉर्म भरला नाही. फ्लॅटचा ताबा वर्षभर पुढे ढकलून घेतला. तिच्या नवऱ्याला ते आवडलं नाही, पण त्याने हिशोब वाचला. इथे पीएफसोबत एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, खातं उघडलं. जर्मनीचं पेन्शन नक्की मिळेलच असा शिक्का आज कुणी मारून देत नाही, निर्णय २०५३ मध्ये तेव्हाच्या नियमांनी होईल. आमच्या हातात एवढंच होतं की तिथपर्यंत महिने जिवंत ठेवायचे.

मी तिला माझ्याकडचं एक कोरं रजिस्टर दिलं, जाड पुठ्ठ्याचं, ऑफिसात सेवापुस्तकाला असायचं तसं. तिने त्यात पुण्यापासूनची प्रत्येक जागा लिहिली. कुठून कुठपर्यंत, कोणत्या कागदावर, कपात होती की नव्हती, स्लिपा कुठे आहेत. परदेशात राहणाऱ्या पेन्शनरकडून जर्मनी दरवर्षी हयातीचा दाखला मागते, मी दर नोव्हेंबरला बँकेत देतो तसाच. तेही तिने शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, म्हातारपणी विसरायला नको म्हणून.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्या लॅबमधल्या एका मुलाला जर्मनीहून २४ महिन्यांची शिष्यवृत्ती आली होती. हिने त्याला प्राध्यापकांना विचारायला लावलं, करार मिळेल का? उत्तर आलं, मिळेल, पण पैसे तेवढेच आहेत, मालकाचा वाटा त्यातूनच जाणार, म्हणून करार १९ महिन्यांचाच होईल. "मामा, पाच महिने म्हणजे त्याचा एक पेपर आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "करार घेऊ दे त्याला." ती म्हणाली, "तुला प्रयोगशाळेतले पाच महिने काय असतात ते माहीत नाही." ते खरंच आहे. मुलाला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. उद्या संध्याकाळी ती त्याला घेऊन येतेय, त्याची दोन्ही पत्रं आणि तिचं रजिस्टर घेऊन.